तीन पाती आणि एक नख

सोमवारी सकाळी साडेदहाला क्लायंटसमोर प्रेझेंटेशन आणि रविवारी संध्याकाळी मी विमानतळाच्या सिक्युरिटीत. लॅपटॉप ट्रेमध्ये, मोबाइल ट्रेमध्ये, बेल्ट ट्रेमध्ये. आता हे सगळं आपल्याला झोपेतही जमतं, नाही का? तेवढ्यात तो एक्स-रेचा पट्टा थांबला. जरा मागे गेला. परत पुढे आला. ‘मॅडम, ये बॅग आपका है? इसमें चाकू है.’

शप्पथ सांगते, साफ विसरले होते. लॅपटॉप बॅगच्या आतल्या कप्प्यात, चार्जरच्या वायरीखाली, रुमालात गुंडाळलेला बाबांचा चाकू. निघताना त्यांनीच हातात दिला होता. ‘स्प्रिंग आखडली आहे, बाई. पुण्यात दुरुस्तीवाला भेटते का पाहजो.’ एरवी मी महाराष्ट्र एक्स्प्रेसनं येते-जाते. गाडीत काय, सुटकेसच्या तळाशी गेला असता आणि निवांत पुण्याला पोचला असता. पण प्रेझेंटेशन होतं ना!

दोन पर्याय होते. परत बाहेर जाऊन बॅग चेक-इन करायची, नाहीतर वस्तू इथेच सोडायची. काउंटर बंद झालेलं. बोर्डिंग सुरू. तो जवान बिचारा शांतपणे उभा, माझ्यासारख्या रोज पन्नास जणी बघत असणार. मी एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा चाकूकडे. आणि फ्लाइट निवडली. चाकू पारदर्शक डब्यात पडला, नेलकटर, कात्र्या आणि लायटरांच्या ढिगावर. टण्ण.

प्रेझेंटेशन, विचारताय म्हणून सांगते, क्लायंटनं पुढच्या आठवड्यावर ढकललं.

आता हा चाकू कुठला, ते सांगायला हवं. आमचं गाव कुडवा. म्हणजे तसं गोंदियाच. शहर कुठे संपलं आणि कुडवा कुठे सुरू झालं हे रिक्षावाल्यालाही सांगता येणार नाही. भोवती धानाची शेतं, राइस मिलचा भुसा आणि उन्हाळ्यात तेंदूपत्त्याची धावपळ. बाबा पशुधन पर्यवेक्षक होते. लोक त्यांना ‘डॉक्टर’ म्हणायचे. बाबा दर वेळी ‘डॉक्टर नाही, पर्यवेक्षक’ असं दुरुस्त करायचे आणि समोरचा माणूस ‘बरं, डॉक्टर’ म्हणून पुढे बोलायला लागायचा.

१९८८ साली त्यांच्या दवाखान्यातल्या खऱ्या डॉक्टरांनी बदली होऊन जाताना तो चाकू त्यांना दिला. डॉक्टरांच्या भावानं अमेरिकेतून आणलेला. तेव्हा गोंदिया जिल्हासुद्धा नव्हता, तो १ मे १९९९ ला झाला. बाबांचे पगाराचे कागद भंडाऱ्याहून यायचे आणि खिशात चाकू अमेरिकेचा! तपकिरी हँडल, त्यावर लाकूड करवतीनं खरवडल्यासारख्या रेघा, घडी केल्यावर चार इंचांच्या आसपास लांब. आत तीन पाती. ब्रँड ओल्ड टायमर. लहानपणी मला वाटायचं की घरात सगळ्यात महाग वस्तू हीच. टीव्हीपेक्षाही.

या पॅटर्नला म्हणतात स्टॉकमन. स्टॉक म्हणजे आपला सेन्सेक्सवाला नव्हे हं, स्टॉक म्हणजे गुरंढोरं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेतल्या गुराख्यांच्या आणि पशुपालकांच्या खिशात बसेल असा हा चाकू रुळला. तिन्ही पात्यांना वेगवेगळं काम. सगळ्यात लांब ते क्लिप. टोकाकडे पाठीतून घास घेतल्यासारखं, त्यामुळे टोक अणकुचीदार. फळ कापा, काटा काढा, पाकीट फोडा. दुसरं शीप्सफूट. याची धार एकदम सरळ आणि टोकाकडे पाठच खाली वळलेली, मेंढीच्या खुरासारखी. दोर कापायला याच्यासारखं दुसरं नाही, कारण धार सरळ असल्यामुळे दोर निसटत नाही आणि टोक नसल्यामुळे जनावरानं ऐनवेळी मान हलवली तरी त्याला लागत नाही. तिसरं स्पे. बुटकं, गोल टोकाचं. आणि त्याचं मूळ काम म्हणजे... अहो, खच्चीकरण. टोक गोल, कारण नको तिथे घुसायला नको.

गंमत अशी की बाबांनी या पात्यानं आयुष्यात एकही गोऱ्हा खच्ची केला नाही. आपल्याकडे ते काम बर्डिझो करतो. इटलीतल्या बर्डिझो नावाच्या पशुवैद्यानं काढलेला हा भला मोठा चिमटा; कातडी न कापता आतली नस चेंगरतो, रक्त नाही, जखम नाही, पावसाळ्यात आळ्या पडायची भीती नाही. मग स्पेचं काय? बाबा त्यानं मलम लावायचे. खुरात अडकलेला खडा काढायचे. आणि रविवारी, स्वच्छ धुऊन, पोळीला लोणी. आईला हे शेवटचं कधीच पटलं नाही.

शीप्सफूटचा खरा सण म्हणजे पोळा. त्याआधी आठवडाभर बैलांच्या जुन्या वेसणी काढायच्या, नव्या घालायच्या. बाबांच्या मागे मी उभी असायचे. चाकू उघडल्याचा ‘टक्’ असा आवाज यायचा आणि बैलाचे कान टवकारायचे. माझेही.

असा हा चाकू मी एका प्रेझेंटेशनपायी डब्यात टाकून आले.

आणि फोनवर बाबांना सांगितलं काय? ‘दुरुस्तीला टाकलाय.’ पुढच्या रविवारी, ‘माणूस सुट्टीवर आहे.’ त्याच्या पुढच्या, ‘पार्ट मिळत नाहीये.’ आपण क्लायंटला देतो तेच स्टेटस अपडेट. बाबा ‘असू दे, घाई नाही’ म्हणायचे आणि मला आणखी लाज वाटायची.

मग सुरू झाला शोध. पहिला धक्का: ओल्ड टायमर बनवणाऱ्या श्रेड कंपनीचा न्यूयॉर्क राज्यातला कारखाना २००४ सालीच बंद पडला. ते नाव पुढे दुसऱ्यांनी विकत घेतलं आणि त्या नावाचे चाकू चीनमध्ये व्हायला लागले. म्हणजे बाबांचा चाकू हवा असेल तर कुणाच्या तरी ड्रॉवरमधला जुनाच हवा.

दुसरा धक्का ऑफिसातल्या मंडळींचा. ‘चाकू? तू? कुणाला मारायचंय?’ आपल्या शहरी डोक्यात चाकू म्हटला की एक तर मास्टरशेफ, नाहीतर हिंदी सिनेमातला रामपुरी. बटण दाबलं की सर्रकन बाहेर. स्टॉकमन याच्या अगदी उलट स्वभावाचा. त्याला बटण नाही, लॉक नाही. पाठीत एक स्प्रिंगची पट्टी, तिच्या दाबावर पातं उघडं राहतं आणि दाबाविरुद्ध ढकललं की मिटतं. भोसकायला गेलात तर तुमच्याच बोटांवर मिटेल. भांडखोर माणसानं घ्यावा असा चाकूच नाही हा.

कायद्याचंही बघून ठेवलं, एकदा दूध पोळलं होतं ना. शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची धारदार हत्यारं मोडतात, त्यातूनही घरकाम, शेती वगैरेसाठी बनवलेली वगळलेली. तीन इंची पात्याचा त्यात प्रश्न येत नाही. पण महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली निघणाऱ्या मनाई आदेशांत चाकू खिशात घेऊन फिरण्यावर बंदी येऊ शकते, आणि सणासुदीला, निवडणुकीला असे आदेश निघतात. तेव्हा मॉल, मेट्रो, आयटी पार्क इथे मिरवायची ही चीज नव्हे. विमानाच्या केबिनमध्ये तर नाहीच नाही. मी सांगतेय, माझ्यावर विश्वास ठेवा.

मग रात्री जेवण झालं की मी चाकू वाचत बसायचे. लोक सिरीयल बघतात, तशी. केस नावाची कंपनी, १८८९ पासूनची, पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्डची. त्यांचे आकडे म्हणजे आपल्या एम्प्लॉयी कोडसारखे. ३३१८ म्हणजे काय? पहिला ३ हा हँडलचा, पिवळं सिंथेटिक. दुसरा ३ पात्यांची संख्या. १८ हा पॅटर्न, म्हणजे मिडियम स्टॉकमन, घडी केल्यावर ३ पूर्णांक ५/८ इंच. तोच ६३१८ असेल तर हँडल हाडाचं, खोबणी पाडलेलं. पुढे सीव्ही लिहिलं असेल तर क्रोम व्हॅनेडियमचं पोलाद, एसएस असेल तर स्टेनलेस. बककडे ३०१ हा मोठा आणि ३०३ हा छोटा, सव्वातीन इंचांचा. पोलाद स्टेनलेस, गंजायची कटकट कमी.

पोलादावरून तर दोन पंथ आहेत. सीव्ही किंवा साधं कार्बन पोलाद दगडावर पटकन धार घेतं, पण लिंबू, कैरी लागली की काळं पडतं आणि पावसाळ्यात पुसायला विसरलात तर गंजतं. स्टेनलेस चकचकीत राहतं, धार लावायला जरा जास्त घासावं लागतं. मी मनात कार्बनच्या बाजूनं. बाबांच्या चाकूची पाती वर्षानुवर्षांच्या पेरू-लिंबांनी ढगाळ करडी झाली होती, आणि मला तोच रंग चाकूचा खरा रंग वाटतो.

एवढा अभ्यास करून, शॉर्टलिस्ट करून (एक्सेलमध्ये, हो! हसा), मी एका रविवारी आईला सहज विचारलं, ‘बाबांच्या चाकूची स्प्रिंग नेमकी कधी आखडली गं?’

आई जरा गप्प. मग आवाज बारीक करून म्हणाली, ‘स्प्रिंगले काही झालं नव्हतं. त्याह्यच्या हातात जोर नाही राहिला. हात थरथरते, नख पकडतच नाही. दिवाळीपासून उघडलाच नाही त्याह्यनं चाकू. मी सांगितलं म्हणून सांगू नको.’

म्हणजे मी तीन महिने खोटं बोलत होते, आणि बाबा माझ्या आधीपासून.

मी एक्सेल बंद केलं. तुम्ही पाहिलं असेल, अशा चाकूच्या पात्याला वरच्या अंगाला चंद्रकोरीसारखी एक बारीक खाच असते. त्यात अंगठ्याचं नख अडकवायचं आणि ओढायचं. पातं ओढायला जो जोर लागतो त्याला शौकीन लोक ‘पुल’ म्हणतात आणि दहापैकी मार्क देतात. कडक पुलाचं कौतुक असतं. टक् असा दणदणीत आवाज म्हणजे दर्जा. मी इतके दिवस लांबी, पोलाद, हँडल सगळं तपासत होते आणि या एका कॉलमकडे पाहिलंही नव्हतं. आता तोच एक उरला. ज्या माणसाच्या नखात जोर नाही, त्यानं कुठला चाकू घ्यायचा?

सोपी उत्तरं होती. फ्रान्सचा ओपिनेल, १८९० पासूनचा. लाकडी मूठ, स्प्रिंगच नाही, पातं नुसत्या घर्षणावर बसतं आणि उघडल्यावर गोल कडी फिरवून पक्कं करायचं. हलक्या हातानं उघडतो. पण लाकूड पाणी पितं आणि फुगतं, मग पातं मुठीत घट्ट रुतून बसतं. आमच्याकडचा जुलै-ऑगस्ट तुम्ही पाहिला नाहीत. घरातली दारंसुद्धा लागत नाहीत, तिथे ओपिनेल काय उघडणार! दुसरा, मॉलमध्ये मिळणारा लाल स्विस चाकू. चांगलाच असतो, पण नख त्यालाही लागतं. तिसरा, एका हातानं खट्कन उघडणारा, क्लिप लावून खिशाला अडकवायचा, काळाकुट्ट कमांडो टाइप. तो मी बाबांच्या पांढऱ्या शर्टाच्या खिशात कल्पून पाहिला आणि पुढचं पान उघडलं. आणि चौथा पर्याय आईचा, ‘घरी सुरी आहे, पावशी आहे, आता कशाले पाहिजे चाकू?’ बरोबरच आहे तिचं. पण चाळीसेक वर्षं जो माणूस सकाळी पॅण्टच्या उजव्या खिशात चाकू घालून निघाला, त्याला पावशी कशी देणार?

शेवटी वाट दाखवली आमच्या टेस्टिंग टीममधल्या एका अबोल मुलानं. हा चाकू जमवतो, हे ऑफिसात कुणालाच माहीत नव्हतं. शनिवारी त्याच्या घरी गेले. सोफ्यावर टॉवेल पसरून त्यानं अकरा चाकू मांडले. आणि मग मी अगदी टेस्टरसारखी टेस्ट केली. डाव्या हातानं उघडून पाहिले. ओल्या हातानं पाहिले. मुद्दाम नखं अगदी बारीक कापून गेले होते. दोन चाकूंनी माझंच नख मोडलं, मग बाबांचं काय होणार?

त्यात एक पिवळा ३३१८ होता, सीव्ही पोलादाचा, त्यानं सात-आठ वर्षं वापरून मऊ केलेला. क्लिप मला तिसऱ्या प्रयत्नात उघडलं. स्पे नाहीच. पण शीप्सफूटला नखाची गरजच पडली नाही! स्टॉकमनमध्ये हे पातं मिटल्यावरही हँडलच्या बाहेर जरा वर उभं राहतं. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत त्याची पाठ धरायची आणि उचलायचं. नख नको, नुसती चिमूट पुरे. चिमटीत पकडण्याइतका जोर, विड्याच्या पानाचा देठ खुडतो तेवढा.

मी त्याला विचारलं, विकतोस? म्हणाला, नाही. मग मी बाबांची सगळी गोष्ट सांगितली. तो बराच वेळ टॉवेलकडे बघत बसला. शेवटी म्हणाला, ‘जेवढ्याला घेतला तेवढे दे. फुकट देणार नाही. तिकडे म्हणतात, चाकू फुकट दिला की मैत्री तुटते.’ आमची मैत्री तेव्हा दीड तासाची होती. तरी मी पैसे लगेच ट्रान्सफर केले.

पिवळं हँडल घेण्यात एक फायदा मला मागाहून कळला: गवतात पडलं तर दिसतं.

या वेळी सुट्टी टाकून महाराष्ट्र एक्स्प्रेसनं गेले. चाकू सुटकेसच्या तळाशी. पहाटे... नको, प्रवासवर्णन नको. बाबा अंगणात खुर्ची टाकून बसले होते. उजवा हात मांडीखाली दाबून. मी आधी कधी लक्षच दिलं नव्हतं याकडे. मला वाटायचं सवय आहे.

डबी दिली. त्यांनी उघडली, चाकू बाहेर काढला, उलटसुलट केला.

‘हा तो नाही.’

‘नाही.’

‘मग तो?’

सांगितलं. सगळं. सिक्युरिटी, डबा, टण्ण. दुरुस्तीवाला नव्हताच, हेही. बाबा ऐकत होते. आई दारात येऊन उभी राहिली होती, हातात धानाच्या पोत्याची सुतळी सोडायला आणलेली सुरी.

‘विमान भेटलं न पण?’ बाबांनी विचारलं.

‘भेटलं.’

‘मग झालं.’

त्यांनी अंगठ्याचं नख क्लिपच्या खाचेत घातलं. घसरलं. परत घातलं. हात थरथरायला लागला तसा त्यांनी चाकू मांडीवर ठेवला आणि रस्त्याकडे पाहू लागले, जणू कुणी येणार होतं. मला वाटलं, संपलं. मी अकरा चाकू चाचपले, नखं कापली, आणि घरी आणून त्यांना पुन्हा तेच दाखवलं जे ते माझ्यापासून लपवत होते.

मी काही शिकवलं नाही. एवढंच म्हणाले, ‘बाबा, ते मधलं बघा. बाहेर आलंय जरा.’

चाळीस वर्षं दोर कापलेल्या माणसाला जास्त सांगावं लागत नाही. त्यांनी चिमटीत शीप्सफूट धरलं, डाव्या हातानं हँडल पोटाशी टेकवलं आणि उचललं. टक्.

‘आणा ते पोतं इकडे,’ ते आईला म्हणाले.

सुतळी एका ओढीत तुटली. मग आईच्या हातातली सुरी त्यांनी घेतली, धार अंगठ्यावर आडवी फिरवून पाहिली आणि नाक मुरडलं. शिलाई मशीनच्या तेलाची बाटली मागवली. खोबरेल आणून दिलं तर रागावले. ते थंडीत थिजते म्हणे, सांध्यात बसते.

‘बाकीची दोन तू उघडून देजो,’ त्यांनी चाकू माझ्याकडे सरकवला. ‘तेल घालतो.’

मी उघडून दिली. त्यांनी तिन्ही सांध्यांत एकेक थेंब सोडला. हात थरथरत होता, त्यामुळे एक थेंब चुकून त्यांच्या पॅण्टवर पडला आणि आईनं तो पाहिला.